ताडपत्री कोण अंथरणार?

जपानमध्ये त्सुकुबाच्या विद्यापीठात आल्या आल्याच कळलं की इथे अभ्यासापेक्षा सर्कल महत्त्वाचं. सर्कल म्हणजे आपलं मंडळच. कुणाचं गाण्याचं, कुणाचं डोंगर चढण्याचं, आणि एक फक्त मुलींचं, सायकलवरून भटकत डबे खाणाऱ्यांचं. माझी मैत्रीण त्यावर भाळली. टोकियोतल्या ओजिमात आम्ही एकाच इमारतीत वाढलो होतो. ती शेजारी नसेल तर कॅन्टीनमध्ये माझ्या घशाखाली घास उतरत नसे. हे तिला मी अर्थातच कधी सांगितलं नव्हतं.

पण त्या सर्कलमध्ये नव्या मुलींनी लवकर जाऊन हिरवळीवर ताडपत्री अंथरायची, सेन्पाई, म्हणजे सिनिअर मुली, आल्या की वाकायचं आणि शेवटी कचरा वेगवेगळा करून न्यायचा.

"मी नाही कुणाच्या ताडपत्र्या अंथरणार," मी म्हटलं. "आपण आपलं काढू."

"अगं, काढू काय? पाच जणी लागतात. आणि मला त्याच मुली आवडल्यात."

मी आईला फोन लावला. ओजिमातल्या हळदीकुंकवाच्या ग्रुपशी साबुदाण्याच्या खिचडीवरून भांडून तिने स्वतःचा ग्रुप काढला होता. सल्ला काय मिळणार हे मला ठाऊक होतं, म्हणून तर तिला विचारलं. "दुसऱ्यांच्यात कशाला? आपलं काढ," ती म्हणाली. मैत्रिणीने सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सायकलवाल्यांत नाव घातलं. मी तिच्याशी बोलणंच टाकलं आणि हट्टाने वर्गातल्या चौघी गोळा केल्या.

पहिल्याच बैठकीत मी ठणकावलं, "इथे कुणी सेन्पाई नाही. सगळ्या सारख्या."

चौघींनी माना डोलावल्या. त्यानंतर मी बसेपर्यंत कुणी बसेना, मी खाल्ल्याशिवाय कुणी डबा उघडेना. अगं, आपण एकाच वर्गातल्या ना, असं मी म्हणून पाहिलं. "हो, पण आपण सारख्या आहोत हे तुम्ही ठरवलंत," एकजण नम्रपणे म्हणाली. "म्हणजे तुम्हीच मोठ्या." माझं कप्पाळ!

मे महिन्यात सहल काढली. मी पोहोचले तेव्हा ताडपत्री अंथरून चौघी चार कोपऱ्यांवर उभ्या होत्या. मी मखरातल्या गणपतीसारखी मधोमध बसले. हिरवळीच्या पलीकडे मैत्रीण तोंडात घास घेऊन तिच्या सेन्पाईंबरोबर खिदळत होती. मला मंडळ नकोच होतं, मला ती हवी होती.

उठले आणि थेट तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"काय अध्यक्षीणबाई?"

"जागा आहे का गं?"

"आहे. पण सगळ्यात शेवटी आलीस, म्हणजे सगळ्यात ज्युनिअर." तिने दोन पिशव्या माझ्या हातात कोंबल्या. "बाटल्या यात, जळणारा कचरा त्यात."

मी निमूटपणे बाटल्यांची झाकणं काढायला बसले. वळून बघते तर माझ्या चौघी ताडपत्रीची घडी घेऊन मागे हजर. अध्यक्ष राबत असताना त्यांनी बसायचं कसं? त्याही कामाला लागल्या. मैत्रीण पोट धरून हसली आणि माझे हात खराब म्हणून तिच्या डब्यातला घास तिनेच मला भरवला. तो मात्र सरळ उतरला.

दोन दिवसांनी आईचा फोन आला. "किती जणी झाल्या गं तुमच्या मंडळात?"

"तीसेक."

"बघ! मी म्हणत नव्हते?"

मी फोन ठेवून पहाटेचा गजर लावला. सकाळी लवकर सायकलवाल्यांची ताडपत्री अंथरायला जायचं होतं.