फक्रुद्दीन मिस्त्रीनं बदललेली नळी

भिंगारला, छावणीच्या कडेला, फक्रुद्दीन मिस्त्रीची पत्र्याची शेड होती. माणूस कामाला वाघ आणि जिभेनं तिखट. गाडी हाती देताना कुणी "नक्की ना, मिस्त्री?" असं विचारलं की त्याला मिरची झोंबायची. "नक्की नसती तर दिली असती का?" म्हणत तो पाना आपटायचा. सगळी उमर मोटारींखाली उताणं पडून गेलेली, त्यामुळे गाड्यांची पोटं त्याला आभाळापेक्षा जास्त ओळखीची.

पेट्रोलच्या नळीची परीक्षा तो तोंडानं घ्यायचा. आधी नळीत पेट्रोल मुरवायचं, मग एक टोक डब्यात बुडवून दुसऱ्या टोकानं जोरात ओढायचं. फुंकून काही कळत नाही, फुंकल्यावर खराब नळीसुद्धा मोकळी वाटते. आतल्या रबराचा पापुद्रा सुटला असेल तर तो ओढल्यावरच आडवा येतो, आणि गाडीही पेट्रोल ओढूनच घेते. बायको खातून म्हणायची, या माणसाच्या तोंडाला भाकरीपेक्षा पेट्रोलचा वास जास्त. तो हसायचा आणि पुन्हा तेच करायचा.

लढाईचे दिवस होते. मलाया जपान्यांच्या हाती गेल्यापासून रबर औषधालाही मिळेना. अशात त्रेचाळीस सालच्या रमजानात काकासाहेब आपली मोटार घेऊन आले. काकासाहेब वाळकीचे बागाईतदार, लष्कराला गवत पुरवणारे. एक गोरा साहेब मायदेशी निघाला तेव्हा त्याची शर्यतीची जुनी गाडी यांनी हौसेनं घेतली. दोनच माणसांची, उघड्या टपाची, भोंगा मात्र आगगाडीला लाजवणारा. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हौसेला सुटे भागही मिळत नसतात हे कुणी सांगत नाही. गाडीची पेट्रोलची नळी जागोजाग चिरली होती आणि थेंब तापल्या इंजिनावर पडत होते. एखाद्या दिवशी भडकाच उडाला असता.

मिस्त्रीनं भंगारातून लष्करी लॉरीची एक नळी पैदा केली. ती पेट्रोलची की पाण्याची, हे सांगायला तिच्यावर छापसुद्धा उरला नव्हता, आणि पाण्याच्या नळीचं रबर पेट्रोलनं आतून सुटतं. म्हणून तर परीक्षा हवी होती. पेट्रोल मुरवून झालं, ओढून पाहायची वेळ आली आणि त्याचा हात थांबला. रोजा होता. जिथं पाण्याचा घोट नाही, तिथं पेट्रोलचा कसा घ्यायचा? शेजारीच गोरक्ष लोहार भाता ओढत बसला होता. हाक मारली असती तर त्यानं चेष्टा करत का होईना, ओढून दिली असती. पण आपल्या कामाची परीक्षा दुसऱ्याच्या तोंडानं घ्यायची मिस्त्रीला लाज वाटली. संध्याकाळी रोजा सोडला की नळी काढून बघू, असं ठरवून त्यानं ती नुसती फुंकली आणि बसवून टाकली.

दुपार कलताना एक टांगा शेडसमोर थांबला. आत छबूबाई, काकासाहेबांची कारभारीण, पोट धरून आडवी पडली होती. तोंडावर रक्त म्हणून नव्हतं.

"मिस्त्री, गाडी झाली का?" काकासाहेब उतरायच्या आतच ओरडले. "हिला पुन्याला न्यायचीय. आतडं फुटंल म्हंत्यात डाक्टर. हितला कापनारा डाक्टर गावाला गेलाय. दौंडची आगगाडी गेली, आन सर्विस मोटार तर पेट्रोलाबिगर कोळशाच्या धुरावर रांगतीया!"

जरा थांबा, एक परीक्षा राहिलीय, एवढंच म्हणायचं होतं. विडा लावायला लागतो तेवढाच वेळ लागला असता. पण बाई कण्हत होती, काकासाहेबांचे डोळे भरले होते, आणि काम अर्धवट आहे हे कबूल करायला जीभ वळेना. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

"झाली," मिस्त्री म्हणाला.

"नक्की ना?"

"नक्की." त्या दिवशी त्याला झोंबलं नाही. त्यानंच बाईंना उचलून गाडीत बसवलं, पाठीशी गोधडी दिली, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत तो रस्त्यात उभा राहिला.

शिरूरच्या अलीकडे, माळावर, गाडी आचके देत बंद पडली. पुन्हा चालू झाली, पुन्हा बंद पडली. कोळशावरची सर्विस मोटार मागून येईपर्यंत छबूबाई गेली होती.

दोन बैल जुंपून गाडी शेडमध्ये परत आली. मिस्त्रीनं नळी काढली आणि चाकूनं उभी चिरली. दुधावरच्या सायीसारखा आतला पापुद्रा सुटून मुडपला होता. त्या दिवसापासून रोजा सोडायला बसला की खजूर हातातच राहायचा. शेवटी त्यानं खातूनला सगळं सांगितलं.

"कुनाला कळनार हाय?" खातून रडत म्हणाली. "त्यांनी तर तुमाला बोल लावला न्हाई. गप ऱ्हावा."

बोल लावला नाही, हेच तर त्याला सोसवत नव्हतं.

दहावा उरकून काकासाहेब आले. डोकं भादरलेलं, अंगात साधी पैरण. मिस्त्रीला पाहून तेच म्हणाले, "गाडीच जुनी, मिस्त्री. तुमचा काय दोस."

मिस्त्रीनं चिरलेली नळी त्यांच्यापुढं धरली. "दोस माझाच हाय, काकासाहेब. नळी आतून कुजकी हुती. मी वढून बगितली न्हाई. माझा रोजा हुता."

काकासाहेबांनी नळी हातात घेतली. बराच वेळ ते तिच्या आतल्या पापुद्र्यावरून अंगठा फिरवत राहिले. मिस्त्री शिव्यांची वाट पाहत होता, थपडेचीसुद्धा. त्यानं बरं वाटलं असतं.

"रोजा तुमचा हुता, मिस्त्री," काकासाहेब म्हणाले. "मी तर जेवून आलतो. मला सांगायचं हुतं, मी वढली असती."