मिलीमीटर आणि डावीकडे ओढणारा गालिचा

मिलीमीटर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण त्याच्या सासूबाईसुद्धा फोनवर ‘मिलीमीटर आहेत का घरी?’ असंच विचारायच्या, तेव्हा खऱ्या नावाची उठाठेव आपणही करायला नको. धंदा चष्म्यांचा. गिऱ्हाइकाने चष्मा आणला की हा तो आधी काउंटरच्या काचेवर उलटा ठेवायचा आणि दोन्ही दांड्या एकदम टेकतात का ते बघायचा. नाही टेकल्या तर अशी मान हलवायचा, की गिऱ्हाईक घरी गेल्यावर आधी आरशात स्वतःचे कान तपासायचं.

दुकान बंद असलं की हाच माणूस रिमोटवरच्या गाड्या पळवायचा. त्यातही पॅन कार. पॅन कार म्हणजे काय, तर खाली वीतभर लांबीची कार्बनची सपाट पाटी, पुढे दोन चाकं, आणि मागची दोन चाकं मोटरसकट एका वेगळ्या चौकटीत. ती चौकट पाटीला मधोमध एका छोट्या गोळीवर जोडलेली, म्हणून जराशी डुलते. ती फार डुलू नये म्हणून दोन्ही बाजूंना करंगळीच्या नखाएवढ्या स्प्रिंगा. सस्पेन्शन म्हणायचं ते एवढंच. ऐकायला सोपं वाटतं, पण एका बाजूची स्प्रिंग केसभर जास्त दाबली गेली तरी वजन एका चाकावर बसतं आणि गॅस दिला की गाडी रुसल्यासारखी एका बाजूला निघते.

हा रुसवा काढण्यात मिलीमीटरचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याच्या घरच्या मागच्या खोलीत एक लांबरुंद टेबल होतं, त्यावर काच. काचेवर खिडकीकडच्या कोपऱ्यात गाडी ठेवायची, पुढच्या टोकाच्या बरोब्बर मध्यावर ब्लेडचं टोक लावायचं आणि श्वास रोखून उचलायचं. पुढची दोन्ही चाकं एकदम उठली तर गाडी सरळ. एक आधी उठलं तर स्प्रिंगेची चकती पाव आटा फिरवायची. नंतर खात्रीसाठी गाडी तोंड मागे करून ठेवायची आणि पुन्हा उचलायची. रिमोटगाड्यांच्या क्लबातले बाकीचे सहाही जण शर्यतीआधी आपापली गाडी या टेबलावर आणत. बूट बाहेर काढून येत. बेकरीवाला तर येताना खारी आणायचा.

आता एवढं सगळं असूनही क्लबातल्या प्रत्येकाची गाडी सरळ पट्ट्यावर किंचित डावीकडे जायची. सातही गाड्या, चार वर्षं. ज्याअर्थी सगळ्यांच्याच जातात, त्याअर्थी दोष गालिच्याचा, असं ठरलं होतं. शर्यत व्हायची ती एका जुन्या गोदामात, गालिचा अंथरून आणि कडेने फळ्या लावून. एकदा तो अख्खा गालिचा गुंडाळून उलट्या दिशेने अंथरला. गाड्या डावीकडेच. मग जमिनीला उतार असणार म्हणून गवंड्याला बोलावलं. त्याने लेव्हल लावून ‘जमीन सरळ आहे’ म्हटल्यावर ‘त्याची लेव्हलच खराब दिसते’ असं मिलीमीटरने सांगितलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. शेवटी सरळ पट्ट्यावर हात आपोआप थोडा उजवीकडे धरायची सवय सगळ्यांना लागली आणि विषय मिटला.

विषय पुन्हा निघाला तो टेबलावरून. टेबल मुळात बायकोचं. ती शिवणकाम करायची, आणि कापड बेतायला म्हणून तिने ते लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी करून घेतलं होतं. पुढे त्यावर काच आली, मग गाड्या आल्या, आणि बायको कापड बेतायला जमिनीवर गेली. यंदा तिला एका शाळेच्या बावन्न गणवेशांचं काम मिळालं.

“अहो, माझे गुडघे काही कार्बनचे नाहीत,” ती म्हणाली. “टेबल द्या.”

“अगं, पण वार्षिक शर्यत रविवारी आहे.”

“बरं. पहिले आलात तर टेबल तुमचं, पुन्हा शब्द काढणार नाही. नाही आलात तर सोमवारी सकाळी माझी कात्री त्या टेबलावर.”

मिलीमीटरने बेधडक हो म्हटलं. मागची तीन वर्षं तोच पहिला येत होता.

एवढ्यात त्याच्या मेव्हण्याने माती खाल्ली, निदान मिलीमीटरच्या मते. मेव्हणा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याने कुठून तरी जुनी पॅन कार आणली, ताईच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, भाजीच्या देठांच्या शेजारी ठेवून सरळ केली, आणि सरावाच्या दिवशी दाजींना दोनदा मागे टाकलं. वर त्याची गाडी सरळ पट्ट्यावर सुतासारखी सरळ!

“काहीतरी लबाडी आहे,” मिलीमीटर शनिवारी दुपारी म्हणाला. “आण ती गाडी. ठेव टेबलावर.”

ब्लेड लावलं, उचललं. उजवं चाक आधी उठलं.

“वाकडी आहे!” मिलीमीटरचा चेहरा उजळला.

“दाजी, वाकडी असून सरळ जाते?”

“योगायोग.” त्याने गाडीचं तोंड मागे करून पुन्हा उचललं. पुन्हा उजवंच. “बघ. दोन्हीकडून वाकडी.”

तेवढ्यात बायको चहाचा ट्रे घेऊन आली आणि गाडीच्या शेजारीच टेकवायला लागली. “सरकवा जरा ते.” जागा होईना म्हणून मेव्हण्याने गाडी आडवी करून ठेवली, खिडकीकडे तोंड करून, आणि गंमत म्हणून स्वतःच ब्लेड लावलं. या वेळी डावं चाक आधी उठलं.

मिलीमीटरने स्वतःची गाडी आणून तशीच आडवी ठेवली. तिचंही डावं चाक उठलं, आणि दुप्पट आधी! चार वर्षं तो गाड्या पुढून बघत होता, मागून बघत होता, आणि दोन्ही वेळा चाकं काचेच्या त्याच दोन कर्णांवर टेकत होती, म्हणून काचच वाकडी असली तरी कळणारच नव्हतं. गाडी आडवी करून बघायचं मात्र कधी सुचलं नव्हतं. त्याने चहा बाजूला केला, कोपऱ्याशी काच उचलली आणि खाली हात घातला. हातात आली चौपदरी घडी घातलेली बकरमची पट्टी, कॉलर ताठ राहायला आत घालतात ती.

“अगंबाई, ही इथे होती होय!” बायको म्हणाली. “मशीन चालवलं की काच खडखडायची, म्हणून लावली होती. केवढी शोधली मी!”

मेव्हणा हसता हसता खुर्चीवरून घसरला. “म्हणजे दाजी, अख्खा क्लब तुम्ही हाताने वाकडा केलात!”

“हळू बोल.” मिलीमीटरने खिडकी लावून घेतली. “रविवार होऊ दे. मग सांगतो सगळ्यांना.”

“मग का? आज का नाही?”

“आज सगळे जेवून झोपलेले असतील.”

त्याने पट्टी खिशात घातली, काच बसवली, आणि आता खरोखर सपाट झालेल्या टेबलावर स्वतःची एकट्याची गाडी सरळ केली. उभी, आडवी, तिरपी, सगळीकडून. बाकीच्यांच्या गाड्या शुक्रवारीच होऊन गेल्या होत्या. एवढी सरळ गाडी त्याच्याकडे कधीच नव्हती. टेबल वाचलं म्हणून तो इतका खुशीत होता, की त्याने चहाचे कपही विसळले.

रविवारी सरावाला मात्र तो उतरला नाही. सरळ पट्ट्यावर गाडी सरळ गेलेली दिसली असती तर बेकरीवाल्याने शंभर प्रश्न विचारले असते. “बॅटरी वाचवतोय,” म्हणून तो कोपऱ्यात बसून राहिला. बायको मुद्दाम बघायला आली होती. सोबत मोजायची टेप.

शर्यत सुटली. पहिल्या वळणावर मिलीमीटर पुढे, दुसऱ्यावरही पुढे. मग सरळ पट्टा आला, त्याने पूर्ण गॅस दिला, आणि चार वर्षांच्या सवयीने हात थोडा उजवीकडे गेला. गाडी आज्ञाधारक. गेली उजवीकडे आणि थाडकन फळीवर.

“काय झालं?” बेकरीवाला ओरडला.

“काही नाही!”

दुसऱ्या फेरीला त्याने स्वतःला बजावलं, सरळ धर. वळण संपेपर्यंत लक्षात होतं. गॅस दिला, हात उजवीकडे, थाड! तिसऱ्या फेरीला त्याने इतकं जपलं की डावीकडच्या फळीवर गेला. हात ताळ्यावर येईपर्यंत पाच वेळा आपटून झालं होतं. बाकीच्यांच्या वाकड्या गाड्या नेहमीसारख्या तालात पळत होत्या. मेव्हणा पहिला, बेकरीवाला दुसरा, मिलीमीटर चौथा. बायकोने टेप गुंडाळून पर्समध्ये ठेवली.

सोमवारी सकाळी सात वाजता टेबलावर निळं कापड पसरलं. काच भिंतीला टेकून उभी राहिली.

“क्लबात मी काही बोलणार नाही,” बायको म्हणाली. “फक्त बावन्न कॉलरींचं बकरम कापून द्या. तुमच्याइतकं नेमकं कोण कापणार?”

“हे ब्लॅकमेल झालं.”

“हो. अन् कडा सरळ हव्यात.”

मिलीमीटर आठवडाभर दुकानातून आल्यावर बकरम कापत बसला. पण सहा जणांच्या वाकड्या गाड्या त्याला जेवू देईनात. खाल्लेल्या खारीचंही काहीतरी असतंच. शेवटी त्याने सगळ्यांना निरोप धाडला, ‘नवीन पद्धत काढली आहे, गाड्या घेऊन या.’ शनिवारी सहा जण बूट काढून स्वयंपाकघरात उभे राहिले. कुकरच्या शिट्ट्यांमध्ये मिलीमीटरने ओट्यावर एकेक गाडी उचलली, चकत्या फिरवल्या, सहाही गाड्या सुतासारख्या सरळ करून दिल्या. का वाकड्या होत्या ते विचारायचं कोणाला सुचलं नाही, आणि सांगायचं याच्या मनात आलं होतं, पण तेवढ्यात भाजी करपली आणि बायकोने सगळ्यांना बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी गोदामात मिलीमीटर गाडी न घेताच गेला. मेव्हण्याच्या शेजारी हाताची घडी घालून उभा राहिला. सहा गाड्या सुटल्या, वळण घेऊन सरळ पट्ट्यावर आल्या, सहा जणांनी गॅस दिला. थाड, थाड, थाड. सहाही उजवीकडच्या फळीवर, एकीवर एक.

बेकरीवाला रिमोट हातात धरून वळला. “अहो मिलीमीटर, हे काय? सगळ्या उजवीकडे!”

मेव्हण्याने तोंडात रुमाल कोंबला. मिलीमीटर गालिच्यापाशी गेला, गुडघ्यावर बसला, लव दोन बोटांत धरून बराच वेळ निरखत राहिला आणि गंभीरपणे म्हणाला, “गालिचा फिरला वाटतं.”

आणि सहाही जण वाकून गालिचा गुंडाळायला लागले.