कडूबाईच्या लेकाची बदनामी

शहर बघायला येणाऱ्यांना हल्ली मोबाईलवर आयता बेत मिळतो. सकाळी मकबरा, मग पाणचक्की, दुपारी नान-खलिया, संध्याकाळी गुलमंडीवर इमरती. गेल्या हिवाळ्यापासून त्या बेतात आणखी एक ठिकाण घुसलं: मकबऱ्याच्या रस्त्याला, लिंबाखाली, कडूबाईची ठेचा-भाकरी. भाकरी झकास असते, यात वाद नाही. पण लोक तिथं भाकरीसाठी येत नाहीत, कडूबाईची कीव करायला येतात.

कडूबाई गंगापूरकडची. आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईनं हिचं नाव ठेवलं कडू. कुणाची नजर लागायला नको. पुढं हिचं पहिलं पोर, बारशाला अख्ख्या गल्लीनं वाखाणलेलं, अंगावर पीत असतानाच गेलं. तेव्हा हिनं कानाला खडा लावला. दुसरा मुलगा इंद्रजीत. त्याचं कौतुक तिनं चारचौघांत कधी केलं नाही. कुणी चौकशी केली की म्हणायची, "कशाचं पोर, काळतोंड्या हाय नुसता." शेजारणी हसायच्या. त्यांच्याही घरी तेच चालायचं.

हा काळतोंड्या वाळूजला कंपनीत कामाला होता आणि बजाजनगरात खोली घेऊन राहायचा. दर रविवारी येऊन आईला पीठ दळून आणायचा, ठेचा कुटायचा, भांडी घासायचा. "आई, बास कर आता, खोलीवर चल," म्हणायचा आणि शिव्या खायचा. तिलाच चूल सुटत नव्हती.

प्रेरणा नावाची मुलगी मोबाईल घेऊन आली, ती नेमकी मंगळवारी. पोरगी वाईट नव्हती. दोन भाकरी चापून खाल्ल्या आणि विचारलं, "आजी, या वयात चुलीपुढं? मुलगा बघत नाही?"

परकी पोरगी, त्यात समोर कॅमेरा. कडूबाई सवयीनं बोलून गेली, "कशाचा बघतोय. काळतोंड्यानं वाऱ्यावर सोडलंय मला."

झालं. मागं रडकं संगीत, वर मोठी अक्षरं: पोटच्या पोरानं रस्त्यावर टाकलेली आई. लिंबाखाली रांग लागली. बायका पाया पडू लागल्या, बाप्ये तोंडात घास असतानाच मुलाचा उद्धार करू लागले. कडूबाई हादरली. आयुष्यात पहिल्यांदा ती परक्यांपुढं लेकाचे गुण गाऊ लागली. "लई गुणाचं लेकरू हाय हो माझं. दर रविवारी येतंय." लोक डोळे पुसायचे. "बघा, एवढं करूनही आई पाठीशी घालते," म्हणायचे आणि तेही टिपून घ्यायचे. ती रडली की त्यांना ते जास्तच आवडायचं.

कंपनीत इंद्रजीतसोबत कुणी डबा खायला बसेना. जुळलेली सोयरीक मोडली. तरी तो रविवारी आला. "आलास व्हय रं," एवढंच कडूबाई म्हणाली, आणि रांगेतल्या चौघांनी त्याची गचांडी धरली. "पड पाया. घास नाक." सगळ्यांचे मोबाईल वर झाले. कडूबाई मधे पडली, ओरडली, हात जोडले. तिला लोकांनी मायेनं बाजूला बसवलं. इंद्रजीतनं तिच्या पायाशी नाक घासलं, "चुकलं" म्हणाला. टाळ्या वाजल्या. मग सगळे जेवायला बसले.

रांग ओसरल्यावर त्यानं विचारलं, "तू म्हणली व्हतीस ना तसं?"

"म्हणले रे बाबा. पण मी का म्हणती, तुला ठावं हाय ना?"

"लहानपणापासनं ऐकतोय. वाटायचं, लोकांसाठी हाय. पण घरात तरी चांगलं म्हणलीस का मला? येकदा?"

कडूबाईनं मनापासून आठवून पाहिलं. आठवेना. घरातही ती भ्यायलेलीच होती, बोललीच नव्हती. आत्ता बोलावं म्हणून तिनं तोंड उघडलं, तर एक जोडपं भाकरी मागायला पुढं आलं. इंद्रजीत उठला आणि चालू लागला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोन उचलेना. तेव्हा चूल विझवून कडूबाई बसनं बजाजनगरला गेली. खोलीला कुलूप. शेजारची दीपमाला बाहेर आली आणि कडूबाईला बघताच कळवळली.

"व्हिडिओतल्या आजी ना तुम्ही? नोकरी सोडून गेला तो. कुठं, ते कुणालाच सांगितलं नाही. बरं झालं, ब्याद गेली. बसा, चहा टाकते."

कडूबाई पायरीवर बसली. माझा लेक तसा नाय, असं सांगायला जीव तळमळत होता. पण सांगितलं की हिचेही डोळे भरून येणार, हे तिला आता पक्कं माहीत होतं.

दीपमालानं कप हातात दिला. "आजी, आता तरी नाव टाका त्याचं."

कडूबाईनं कपाकडं पाहिलं.

"व्हय बाई," ती म्हणाली. "टाकलं."