पहिलं पाणी टोकाला

सांगलीकडच्या माझ्या जुन्या सहकाऱ्यानं मला फसवलं आणि माझ्या शब्दावर विसंबलेली चार गावं त्यात फसली. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या सहकाऱ्याच्या, म्हणजे नानांच्या, निरोपाच्या सभेत मी भलतंच बोललो.

विधानसभेत आम्ही शेजारी बसायचो. मी साताऱ्याच्या पूर्वेचा, कोरड्या पट्ट्यातला. आमदार होण्याआधी मेंढरांच्या बाजारात दलाल होतो. पहिल्याच अधिवेशनात मी उठून ओरडायला लागलो, तेव्हा त्यांनी सदऱ्याला धरून मला खाली बसवलं. "बाजार न्हवं ह्यो, गड्या. हितं वरडणाऱ्याला कोण भाव देत न्हाई." लक्षवेधी सूचना कशी मांडायची, मंत्र्याला कुठल्या दारात गाठायचं, हे त्यांनीच मला शिकवलं. त्यांच्या तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यासाठी ते स्वतःच्या पक्षाशी भांडले, तेही मी पाहिलं आहे.

आमचे दोघांचे तालुके एकाच कालव्यावर. त्यांची गावं वरच्या अंगाला, माझी अगदी शेवटच्या टोकाला. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्याकडचा ऊस वाळायला लागला. विधानभवनाच्या उपाहारगृहात ते म्हणाले, "तुझ्या वाट्याचं पाणी आमाला सोड. दिवाळीनंतरचं पहिलं पाणी टोकाला. तुझी गावं भिजली की मग आमी घेऊ."

मी खांद्यावरचा टॉवेल दोघांच्या हातांवर टाकला. मेंढरांच्या बाजारात सौदा असाच होतो. टॉवेलखाली बोटं धरायची. बघणाऱ्याला काही कळत नाही, पण एकदा बोट दाबलं की कुणी फिरत नाही. त्यांनी हसत माझं बोट दाबलं. "झालं का समाधान, दलाल?" कागद नाही, साक्षीदार नाही. मला तेवढं पुरेसं वाटलं. मी पाणी सोडलं आणि त्यांचा ऊस वाचला.

माझ्या गावांतली मेंढपाळ घरं दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरतात. यंदा मी सांगितलं, थांबा, पाणी येतंय. त्यांनी मेंढरं विकली, रानं नांगरली, डाळिंब लावलं. एका म्हाताऱ्यानं बिऱ्हाड वाहणारी घोडीसुद्धा विकली. "आता कशाला पायपीट? आमदारानं सांगितलंय."

मग निवडणूक आली. वय झालं म्हणून नाना उभे राहिले नाहीत. मी निवडून आलो आणि त्यांच्या जागी आलेल्या तरुण आमदाराला पाण्याचं विचारलं. तो हसला. "आवं, टॉवेलाखाली तुमचं काय ठरलं, मला काय म्हाईत?"

बाजारात मी तोटे सोसलेत, मारही खाल्लाय, पण असा घाबरलो नव्हतो. विकलेलं मेंढरू परत येत नाही.

सांगलीला नानांचा निरोपाचा सत्कार होता आणि गौरवाचं भाषण माझ्याकडं. माझी माणसं जीप करून आली, दुसऱ्या रांगेत बसली. व्यासपीठावर त्यांना फेटा बांधत होते. त्यांची मान हलत नव्हती, तीच वेळ साधून मी कानाशी वाकलो.

"नाना, पाण्याचं एकदा माइकवर सांगा."

"आता मी कोण रं? माझी सही शिपाईसुदीक बघत न्हाई."

"सही नको. नुसतं बोला. सभेपुढं बोललात की नव्याला मागं सरता येणार न्हाई."

"म्हणूनच बोलत न्हाई. त्याला कशाला अडचणीत घालू? नीट हुबा ऱ्हा, फोटो काढत्यात."

घोषणा झाली. मी माइकपुढं गेलो. खरं बोललो तर समोर बसलेल्यांना तिथंच कळणार होतं की आपलं गेलं. मी दवाखान्याचं बोललो, त्यांच्या साधेपणाचं बोललो. मध्ये दोनदा थांबून पाणी प्यालो. लोकांना वाटलं, मला गहिवरून आलंय. टाळ्या पडल्या. तो म्हातारा वर आला आणि विकलेल्या कळपाच्या शेवटच्या लोकरीचं घोंगडं त्यानं नानांच्या खांद्यावर घातलं. "देवमाणूस हाय," म्हणाला, आणि उतरताना मला हळूच विचारलं, "सायेब, पानी सोमवारी का मंगळवारी?"

"येईल," मी म्हणालो.

सोमवारी कालव्याला पाणी सुटलं. वरच्या गावांनी कालव्याची दारं उघडून ते उसात वळवलं. टोकाला अजून कोरडी वाळू आहे. डाळिंबाची पानं आकसायला लागलीत, आणि दारात गाडी थांबली की मी आधी खिडकीआडून बघतो, कोण आलंय.

नाना, त्या सभेत तुमच्या कामाबद्दल जे बोललो, त्यातलं एक अक्षर मागं घेत नाही. पण पहिलं पाणी कुठं गेलं, हे मी एकट्यानं का सांगायचं? माझ्या गावात या. पारावर बसा आणि मेंढरं विकलेल्या माणसांना स्वतःच्या तोंडानं सांगा, त्यांनी आता काय करायचं.