इर्जिकीतला हुंकार

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय—कोण जाणे.

संगमनेरला आमचा नाचाचा एक गट होता. 'इर्जिक' नावाचा प्रयोग बसवत होतो. गावात एकाच्या शेतावर सगळे मिळून राबतात, मजुरी घेत नाहीत, जेवून घरी जातात—ती इर्जिक. तेच अंगांनी दाखवायचं. संगीत नाही, नायिका नाही. म्हणे नायिका नाही! वनिता उभी राहिली की सगळ्यांचे डोळे तिच्यावरच.

ती अकोले तालुक्यातली, कधी क्लास न लावलेली. मी लहानपणापासून कथक शिकलेली, तळपायांना घट्टे पडलेली. आणि प्रयोग बसवणारे सर मला म्हणायचे, "हिच्यासारखं अंग सैल सोड." माझा नुसता जळफळाट व्हायचा. तिचं हसणं, तिच्या डब्यातल्या भाकरीवर मुलींनी तुटून पडणं—सगळंच डोळ्यांत सलायचं. तिनं माझं काय घोडं मारलं होतं? काहीच नाही.

प्रयोगाच्या शेवटी वनिता उंच चौथऱ्यावरून पाठमोरी पडायची, आम्ही खाली तिला झेलायचो. तिनं मागे बघायचं नाही. आमचे हात एकमेकींत गुंफले गेले की मी हुंकार द्यायचा, मगच तिनं अंग सोडायचं. हुंकाराशिवाय कुणी पडायचं नाही—गटाचा एवढा एकच कडक नियम.

त्या दिवशी तालमीआधी सर म्हणाले, "पुण्याच्या प्रयोगाला मधे वनिताच." मी मान डोलावली. मग ती चौथऱ्यावर चढली. खाली एकीची ओढणी अडकली होती, बाकीच्या हसत ती सोडवत होत्या. हात गुंफलेले नव्हते. मला दिसत होतं—सगळं दिसत होतं. आणि मी हुंकार दिला.

तिचं मनगट मोडलं. सरांनी आधी मलाच झापलं, मग विचारलं, "हुंकार आला होता?" हसण्याच्या नादात मुलींनी काही ऐकलं नव्हतं. मी म्हणाले, "नाही."

वनिताला गटातून काढलं. तिची जागा मला मिळाली. टाळ्याही मिळाल्या—खोटं कशाला बोलू, गोड लागल्या.

जाण्याआधी ती माझ्याकडे आली, हात गळ्यात बांधलेला. "ताई, मला वाटलं तुमी हुंकार दिला. भास झाला आसंल. माझ्यामुळं तुमाला बी बोलनी खावी लागली. माफ करा."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. आणि तिला माफ केलं.