जावयाचा काळा चष्मा

सासूने भर कारखान्यात जावयाचा चष्मा बुटाखाली चिरडला, कारण काय तर मुलगी रडत माहेरी आली, ही बातमी एका जेवणाच्या सुट्टीत तीन खात्यांत फिरली. त्यातल्या दोन खात्यांत ती मीच पोचवली, खोटं कशाला बोलू!

सासू म्हणजे आमच्या स्टोअरची बाई. सगळे तिला चष्मेमावशी म्हणत. नवरा लवकर गेला, पदरात एक मुलगी, आणि चोवीस वर्षं तिनं त्या जाळीच्या खिडकीमागे काढली. हातमोजे, टोप्या ती मान वर न करता द्यायची. कामावर डोळे जपायचा चष्मा मागितला की मात्र वकिलासारखी उलटतपासणी. काम कुठलं? उजेड किती? रंग ओळखावे लागतात का? आत दिव्याखाली काम असेल तर साधी पांढरी काच. अंधुक तळघरात उतरणाऱ्याला पिवळी, तिच्यातून कडा उठून दिसतात म्हणून. काळी फक्त दिवसभर उन्हात राबणाऱ्याला.

एकदा वायरमन पिवळीसाठी हटून बसला. "निळी वायर काळी दिसेल तुला," मावशी म्हणाली, "मग तुझ्या बायकोला तोंड मी दाखवू?" पांढरी त्याच्या हातात कोंबली आणि खिडकी लावून घेतली. मी रंगखात्यातला, त्यामुळे रंगीत काच मला जन्मात मिळाली नाही.

जावई आमच्याकडेच फोर्कलिफ्ट चालवायचा. देखणा गडी, कामावर येतानासुद्धा भांग पाडलेला. आवारातून माल उचलायचा, गोदामात ठेवायचा, परत बाहेर. दिवसाकाठी शंभर खेपा.

उन्हाळा ऐन भरात असताना तो खिडकीशी आला.

"आई, काळा चष्मा द्या ना."

"इथं मी कुणाची आई नाही. काम कुठलं?"

"तुम्हाला माहीत नाही का? ऊन अगदी डोळ्यांत घुसतंय हो."

"आणि आत गेल्यावर?"

"आत किती वेळ असतो मी? माल ठेवला की बाहेर."

मावशीनं नकारार्थी मान हलवली. रांगेत मागे आम्ही चौघं उभे, आणि माझी जीभ कुठली गप्प बसतेय! "द्या हो मावशी," मी म्हटलं, "नाहीतर घरी जाऊन लेकीपाशी गाऱ्हाणं घालेल. संध्याकाळी तुमचं काही खरं नाही!"

सगळे फिदीफिदी हसले. मावशीचे कान लाल झाले. तिनं खालच्या खणातून काळा चष्मा काढला आणि पुढे सरकवला. जावयानं तिथंच घालून शेजारच्या दाराच्या काचेत स्वतःला पाहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मावशी हातमोज्यांचं खोकं घेऊन गोदामातून चालली होती. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आत दोनच दिवे. अशा वेळी उघड्या डोळ्यांनाही क्षणभर काही दिसत नाही, याच्या डोळ्यांवर तर वर काळी काच. जावई माल घेऊन दारातून आत शिरला. समोर काहीतरी हललं एवढंच त्याला कळलं. त्यानं करकचून ब्रेक दाबला. लोखंडी दाते मावशीच्या पोटापासून वीतभर अंतरावर थांबले. खोकं खाली पडलं, मोजे चहूकडे.

तो खाली उडी टाकून धावत आला. "आई, तुम्ही दिसलाच नाहीत."

मावशीनं त्याच्या नाकावरून चष्मा ओढला, जमिनीवर टाकला आणि टाचेखाली घेतला. मग स्टोअरमध्ये जाऊन फिकट, किंचित आरशासारखी काच आणली. "सारखं आत-बाहेर करणाऱ्याला ही. घाला."

लांबून आम्ही पाहिलं ते फक्त टाचेचं काम. सुपरवायझरनं विचारलं तेव्हा मावशी म्हणाली, "माझ्या हातून तुटला." त्यापुढे तोंड उघडलं नाही. खरं सांगितलं असतं तर जावयाची फोर्कलिफ्ट त्याच दिवशी गेली असती, आणि दुसरं काम त्याला येत नव्हतं. ती बोलेना, मग बाकीचं आम्ही बोललो. मावशी निवृत्त झाल्यावर जावयानं स्वतः मला हे सगळं सांगितलं.

मुलगी माहेरी आलीच नव्हती. त्या कामाला काळी काच चुकीची होती, आणि ती मावशीनंच दिली होती.