लेगॉसहून नैरोबी, म्हणजे जवळच

दादाला नैरोबीत मुलगी झाली. बारशाला आत्या म्हणून तूच हवीस, असं वहिनीने फोनवर सांगितलं, तेव्हा मी पटकन म्हणाले, "वहिनी, रजाच उरली नाही गं!"

रजा होती. ईस्टरला जोडून स्पेनच्या समुद्रकिनारी जायचं ठरलं होतं आणि त्यातले दोन-तीन दिवस सोडायची माझी तयारी नव्हती. फ्रँकफुर्टजवळच्या माझ्या वाल्डॉर्फच्या ऑफिसात रजा मागितली असती, तर कोणी हूं की चूं केलं नसतं.

वर शहाणपणा असा, की तोडगाही मीच सुचवला. माझी चुलतबहीण लेगॉसला असते. "ताईला बोलवा ना, तीही आफ्रिकेतच आहे. तिला जवळ पडेल." ताई म्हणजे हाक मारली की निघणारी. तिने लगेच हो म्हटलं.

जेवताना नवऱ्याने मोबाइलवर पाहिलं. "अगं, जवळ कसलं? चार हजार किलोमीटरच्या आसपास आहे. थेट विमान मिळालं तर पाच तास, नाहीतर आदिस अबाबाला बदलून जायचं, म्हणजे अख्खा दिवस मोडला. फ्रँकफुर्टहून तू आठ तासांत थेट पोचली असतीस. आणि तुझा उर्लाउब तर आहे की, रजा शिल्लक आहे!"

"हो, गेनाऊ, अगदी बरोबर, आता तूच शिकव मला भूगोल," असं म्हणून मी भाजी त्याच्यापुढे सरकवली. पण तो खरंच बोलत होता. इथे कुणी मला "तू इंडियाची, मग चेन्नईतला अमुक ओळखत असशील" म्हणालं की माझं डोकं फिरतं, आणि मी मात्र अख्खा खंड एका गल्लीएवढा करून टाकला होता. तेव्हाही फोन उचलून "ताई, राहू दे, मी जाते" म्हणता आलं असतं. पण मी तसं म्हटलं नाही.

ताईला थेट विमान जुळलं नाही. मधल्या विमानतळावर ताटकळत ती पोचली आणि तिने सुजलेल्या पायांचा फोटो पाठवला, खाली हसरा चेहरा टाकून.

बारशाच्या वेळी मी ऑफिसातल्या एका रिकाम्या खोलीत व्हिडिओ कॉल लावून बसले. ताई पाळण्यावर वाकली होती. शेजारी उभ्या असलेल्या वहिनीच्या आईला ती म्हणाली, "अहो मावशी, बिचारीला रजाच मिळाली नाही, नाहीतर तीच आली असती. मान तिचाच." आणि तिने फोन बाळाच्या कानाशी धरला. "हं, म्हण. कुर्रर्र कर आणि नाव सांग."

नाव मला पाठ होतं. पण ते 'बिचारी' ऐकलं आणि तोंडून शब्द फुटेना. बायका हात उचलून उभ्या. बाळ कुरकुरायला लागलं.

"आवाज येत नाहीये वाटतं," म्हणत ताईने फोन उशीवर ठेवला आणि बाळाच्या कानात तिनेच नाव सांगितलं. मग एकच हशा उसळला, तिच्या पाठीवर धबाधब धबुके पडायला लागले. मला फोनमध्ये नुसतं छत दिसत होतं. ते धबुके माझ्या पाठीवर पडायचे होते.